सरकारांची पट्टी

जखमा बऱ्या करण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! एकदा सायकलखाली सापडलेल्या गोगलगायीला मी अशी मलमपट्टी केली, की ती धावत घरी गेली!

तर, आमचे सरकार. म्हणजे आमचा कुत्रा हो! सोफा त्यांचा, सतरंजी आमची. त्यांच्या मागच्या पायाची जखम काही केल्या भरेना. माझी सगळी मलमं हरली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक जाड, चिकट पट्टी बसवली. सरकारांनी चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं.

"ही पट्टी ओलावा धरते, त्यातच नवी कातडी येते. मी सांगेपर्यंत उघडायची नाही."

"आणि जखमेला हवा?"

"हवा तुम्ही खा, आजोबा! या वेळी नाही भरली, तर पाय कापायची पाळी येईल."

काळजीपोटी दुसऱ्याच दिवशी मी पट्टीचा कोपरा उचलला. आत पिवळं, बुळबुळीत काहीतरी!

"अगं, पू! बादलीभर पू!"

"अहो, हात लावू नका!" बायको ओरडली.

तोवर मी पट्टी खेचली होती! सरकार असे उधळले, की नरसाळ्यानं टेबलावरच्या कपबशा झाडून नेल्या.

"पू नाही हो तो!" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "पट्टीच विरघळून तशी होते. आलेली कातडी सोललीत तुम्ही!"

नवी पट्टी बसली. मी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी फक्त वास घ्यायला वाकलो, तर माझी दाढीच पट्टीला चिकटली! तेवढ्यात सरकारांना मांजर दिसलं. गल्लीतले लोक सांगतात, एवढ्या वेगानं पोटावर सरपटणारा म्हातारा त्यांनी आधी पाहिला नव्हता.

"पट्टी चाटतो का हा?" पट्टी पुन्हा निघालेली पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो कशाला चाटतोय? हे डोकावतात!" बायको म्हणाली.

बाईंनी कपाटातलं सर्वांत मोठं नरसाळं काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं! आता मान खाली घातली तरी मला पाय दिसेना. ना सरकारांचा, ना माझा!

आणि जखम भरली हो! परवा सरकारांनी धावत्या बसला मागं टाकलं. त्यांचं नरसाळं कधीच निघालं.

माझं? बायको काढणारच होती. पण नरसाळ्यातून ऐकू फार छान येतं. शेजारीणबाईंनी गुडघ्याला तसलीच पट्टी लावलीय, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि चुकून बोलून गेलो, "जरा बघून येतो!"