पहिली अकरा घरं

टॅमरॅक काउंटीच्या कार्यालयातला जुना सर्व्हर नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी, भर कामकाजाच्या वेळेत, कोणालाही पूर्वसूचना न देता बंद पडला. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाने याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव एकमताने मंजूर केला आणि नव्या सर्व्हरला मान्यता दिली.

तो बसवण्याचं काम मार्लिस ट्वेटकडे आलं. संगणक विभागात ती एकटीच होती. म्हणजे विभागप्रमुख तीच आणि विभागप्रमुखाला कंटाळलेली कर्मचारीही तीच. पण काम तिने जीव ओतून केलं. आठ डिस्क जोडून त्यांची एकच मोठी जागा केली; दोन डिस्क एकाच वेळी मेल्या तरी एक अक्षर हरवणार नाही अशी रचना केली. त्या जागेचे खात्यांप्रमाणे भाग पाडले, ते ज्याच्या त्याच्या टेबलावरच्या संगणकाला जोडून दिले, आणि कोणी नुसतं वाचायचं, कोणी लिहायचं हे ठरवून टाकलं. शिवाय दर तासाला सगळ्या फायलींचा स्नॅपशॉट निघू लागला. म्हणजे त्या घटकेला जे जसं आहे ते, कोणी लिहिलं त्या नावासकट, तसंच्या तसं राखून ठेवायचं. पुढे कोणी काहीही खोडलं, घुसडलं, तरी मागचं जागच्या जागी. आणि त्या राखलेल्यात फेरफार करणं कोणालाही शक्य नाही, खुद्द मार्लिसलासुद्धा.

"म्हणजे आता चूक झाली तरी काळजी नाही!" बोर्डाचे अध्यक्ष व्हर्डेल हॉगन खूश होऊन म्हणाले.

"चूक झाली तर ती कायमची राहते, असंही म्हणता येईल," मार्लिस म्हणाली.

"उत्तम, उत्तम!" हॉगन म्हणाले आणि कॉफीकडे वळले.

त्यानंतर प्रत्येक खात्याने आपापले कागद सर्व्हरवर चढवले. शेवटी राहिला रॉली सुंडक्विस्ट. रॉली सव्वीस वर्षं काउंटीची बर्फगाडी, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी, चालवत होता. त्याच्या शेडमध्ये, कॉफीच्या मशीनशेजारी, हाताने लिहिलेली एक यादी चिकटवलेली असे. मोठं वादळ आलं की आधी कोणाकडे जायचं याची. त्यात अकरा घरं होती. कोणी ऑक्सिजनवर, कोणी दिवस भरलेली. तिसऱ्या नंबरवर ओपल लिंडाल नावाच्या आजीबाई. त्यांना आठवड्यातून तीनदा चाळीस मैलांवर डायलिसिसला जावं लागे.

"भिंतीवर आहे ते काय वाईट आहे?" रॉलीने विचारलं.

"भिंतीचा बॅकअप नसतो, रॉली."

"सव्वीस वर्षांत ती भिंत एकदाही बंद पडलेली नाही, बाई."

पण धोरण ते धोरण. यादी सर्व्हरवर गेली. वाचायची मुभा सगळ्यांना, लिहायची फक्त मार्लिसला आणि रॉलीला. ही व्यवस्था दोन दिवस टिकली.

"मी अध्यक्ष," हॉगन म्हणाले, "आणि मी नुसतं वाचायचं?"

"तुम्हाला त्यात लिहायचंय काय पण?"

"लिहायचं काहीच नाही. पण लिहिता येत नाही, हे मला कसं दिसतं याचा विचार कर."

मार्लिसने विचार केला आणि अधिकार दिला. मग बोर्डावरच्या उरलेल्या चार कमिशनरांना दिला, कारण ते अध्यक्षांपेक्षा कमी निवडून आलेले नव्हते. मग त्यांच्या सेक्रेटरींना, कारण कमिशनरांना फाइल उघडता येत नव्हती. नाताळपर्यंत त्रेसष्ट जणांना लिहिण्याचा अधिकार मिळाला. ज्यांना नुसतं वाचता येई, त्यांच्याकडे लोक दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूकडे पाहावं तसं पाहू लागले.

पहिली भर चार डिसेंबरला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पडली. बाराव्या ओळीत हॉगन यांचा रस्ता आला. कारण : 'आणीबाणीत अध्यक्ष पोहोचणे आवश्यक.' तिथून यादीला पालवी फुटली. 'गुडघा.' 'गुडघा, दोन्ही.' 'गुडघा, संभाव्य.' 'कुत्रा घाबरतो.' पुढे पुढे लोकांच्या लक्षात आलं की ओळ खालीच घालायला हवी असं काही नाही, वरही घालता येते. ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी अधिकार असलेल्या मेहुण्यांना फोन केले. जानेवारीच्या मध्याला यादीत ४१२ घरं झाली. रॉलीच्या हद्दीत घरं होती ४०९. जास्तीची तीन म्हणजे तळ्याकाठच्या उन्हाळी खोल्या, ज्यांना हिवाळ्यात कुलूप असतं. आजीबाई लिंडाल तिसऱ्या नंबरवरून तीनशे सत्त्याण्णवाव्यावर गेल्या.

"अगं, या यादीप्रमाणे अख्खी काउंटी अंथरुणाला खिळलीय," रॉली म्हणाला. "मीच काय तो धडधाकट."

"तू अठ्ठ्याऐंशीवर आहेस."

"हॅट!" रॉलीने वाकून पाहिलं. "हे बायकोचं काम आहे. काय लिहिलंय कारण?"

"'नवरा वादळात घरी नसतो.'"

मार्लिसने हे प्रकरण बोर्डापुढे नेलं. बोर्डाने गंभीर दखल घेतली. कोणाचं नाव काढावं तर त्याच्यावर अन्याय, आणि ठेवावं तर इतरांवर. तेव्हा कोणावरच अन्याय होऊ नये म्हणून यादी आहे तिथे गोठवण्यात आली. यापुढे सर्वांना फक्त वाचता येईल. बदल हवा असल्यास अर्ज करावा, त्याला यादीतल्या सर्व घरांची संमती जोडावी.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी पहाटेपर्यंत बावीस इंच बर्फ पडला. रॉलीने नियमाप्रमाणे पहिल्या नंबरपासून सुरुवात केली आणि कुलूप लावलेल्या एका उन्हाळी खोलीपर्यंतचा रस्ता झकास साफ केला.

सव्वाआठला मार्लिसचा फोन वाजला.

"मी ओपल लिंडाल. घाई करत नाहीये हं, बाळ. पण दहाला माझी मशीनची वेळ असते. शनिवारी झालं होतं, आता पाय सुजायला लागलेत. गाडी साधारण कधी येईल?"

मार्लिसने हिशेब केला. शुक्रवार, दुपारनंतर. तिने हे आजींना सांगितलं नाही. "बघते," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने नोव्हेंबरचा स्नॅपशॉट उघडला. त्यात सगळ्यात पहिली यादी होती, स्वच्छ, अकरा ओळींची. तिने रॉलीला फोन लावला आणि वाचून दाखवली.

"बस? अकराच?" रॉलीने विचारलं.

"अकराच."

"यांची घरं तर मला झोपेतही सापडतील," तो म्हणाला, आणि पलीकडे गाडी वळल्याचा आवाज आला.

पावणेबाराला आजीबाई मशीनवर होत्या. तीन वाजेपर्यंत अकराही रस्ते मोकळे झाले. तीन वाजून पाच मिनिटांनी मार्लिसच्या आईचा फोन आला.

"आपल्याकडे गाडी का नाही आली? तू तर म्हणाली होतीस, अडतिसावा नंबर लावलाय."

मार्लिसने खरंच लावला होता. डिसेंबरात, एका दुपारी, सगळे लावतायत म्हणून. कारण : 'एकटीच राहते.' फोनमध्ये मागून, पत्त्यांच्या डावातून, कोणीतरी ओरडलं, "पत्ता टाक गं लवकर!" आणि चार बायका हसल्या.

बुधवारी तातडीची सभा झाली. सभागृह खचाखच भरलं. रस्ते न झालेले चारशे जण रस्त्यांवरून कसे आले, हे कोणी विचारलं नाही.

"मंजूर यादी डावलून जुनी यादी वापरण्याचा अधिकार तुला कोणी दिला?" हॉगन यांनी विचारलं.

"कोणीच नाही," मार्लिस म्हणाली. "पण मंजूर यादी तयार कशी झाली, तेही बघून घ्या."

तिने सभागृहातल्या पडद्यावर सगळे स्नॅपशॉट उघडले. कोणती ओळ, कोणत्या तारखेला, कोणाच्या नावाने. अडतिसावी ओळ आली तेव्हा ती तिने स्वतः मोठ्याने वाचली. मागे एकजण खोकला, तर सगळ्यांनी वळून पाहिलं. तो एकशे बारावा होता, कारण 'जुनाट खोकला'. बिचारा बहुधा एकटाच खरा होता.

बोर्डाने तीन ठराव केले. एक, स्नॅपशॉटमुळे नागरिकांच्या खासगीपणाचा भंग होत असल्याने ते बंद करावेत. दोन, श्रीमती लिंडाल यांना सन्मानपूर्वक पहिला नंबर द्यावा. तीन, यादी नाव काढण्यापुरती सर्वांसाठी खुली करावी आणि ज्यांना गरज नाही त्यांनी एक बटण दाबून आपलं नाव काढून घ्यावं. अर्ज नको, कारण नको. तिसऱ्या ठरावाला टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर प्रत्येकाचा विश्वास होता.

तीन आठवड्यांत एक नाव निघालं. सोबत चिठ्ठी होती.

'पूर्ण यादी वाचली. आपल्याकडे इतकी माणसं इतकी आजारी आहेत, याची मला कल्पनाच नव्हती. फार वाईट वाटलं. हिवाळा संपेपर्यंत मी भाचीकडे दुलुथला जाते, तिथे दवाखाना दोन चौकांवर आहे. माझी जागा कोणा गरजूला द्या. ओपल लिंडाल.'

मार्लिसने चिठ्ठी दोनदा वाचली. मग आईची ओळ उघडली आणि बटण दाबलं. आई अजून तिच्याशी बोलत नाही.

पहिला नंबर रिकामा झाल्याची सूचना शुक्रवारी सकाळी लागली. संध्याकाळपर्यंत एकसष्ट अर्ज आले. मुदत सोमवारपर्यंत वाढवली आहे. कारणाच्या रकान्यात चाळीस शब्द मावतात. तुम्ही मनात जुळवलेलं कारण त्यात बसतंय का, तेवढं एकदा मोजून बघा.