दत्तूतात्यांचे तीन शेरे

आमच्या दत्तूतात्यांच्या जगात कुठल्याही गोष्टीला तीनच शेरे होते: लई, बेताचं आणि न्हाईच. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते रोजच्या चौकटीत ऊन आणि म्हशीचं दूध यांचे शेरे लिहीत. बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, तब्येतीसाठी पट्टी वेगळी: बरी, कुरकुर आणि दवाखाना. मग मागच्या आठवडाभराच्या चौकटींवरून बोट फिरवून उद्याचा अंदाज ठासून सांगत.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो आणि राहायचो त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझा जीव वरखाली व्हायचा.

"तात्या, दूध किती लिटर ते लिहा की. आकडा असला की उतार कळतो."

"मास्तर, आकडा रोज बदलतोय. त्याचा काय भरवसा? बेताचं म्हंजे बेताचं!"

म्हशीनं एकदा त्यांची चांगलीच जिरवली. सात लिटरपासून चार लिटरपर्यंत सगळं त्यांच्या लेखी 'बेताचं'. पंधरा दिवस रोज थोडं थोडं घटत गेलं आणि कॅलेंडरवर ओळीनं बेताचंच. त्या जोरावर तात्यांनी लेकीच्या डोहाळजेवणाची बासुंदी अंगावर घेतली. त्या सकाळी म्हशीनं दिलं तांब्याभर, वर लाथ मारून तेही सांडलं.

"कालपातुर बेताचं हुतं की गं!" तात्या म्हशीलाच दम देत होते.

"तिला काय बोलतायसा? ती रोज सांगत हुती, तुमी ऐकलं न्हाईसा," म्हणत काकूंनी शिरा ढवळायला घेतला. पुढं वर्षभर गल्लीत तात्या दिसले की कुणीतरी बासुंदीची चौकशी करायचंच.

काकू रोज संध्याकाळी तात्यांबरोबर रंकाळा तलावाला पूर्ण फेरी मारायच्या. पुढं अर्धी. मग पहिल्या बाकापर्यंत. तात्यांचा हिशेब सरळ होता: आपल्या पायानं घरी आली, म्हणजे बरी. चौकटीमागून चौकट 'बरी', उद्याचा अंदाजही 'बरी'. मीही येता-जाता बघत होतो. दुधावर व्याख्यानं झोडणारा मी, त्या बाकाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

नोव्हेंबरात एकदम 'दवाखाना' आला. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर तात्या कॅलेंडर काखेत मारून माझ्याकडं आले. आवाज कधी नव्हे इतका खाली.

"मास्तर, ह्या 'बरी'तनं आकडा काढता येतोय काय? ती कवापासनं उतरत हुती, तेवढं सांगा."

येत नाही. एकदा गाळलेलं परत मिळत नाही, हे मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं. पण तोंडातून निघालं, "येतोय की. वेळ लागंल. त्या दिवशी काय झालं ते तुम्ही सांगायचं, मी मांडतो."

तेव्हापासून तात्या रोज संध्याकाळी येतात. एकेका 'बरी'वर बोट ठेवतात. "ह्या दिवशी तिनं मंडईतनं पिशवी एकटीनं आणली. हितं चटणी कुटताना चारदा बसली, मी म्हटलं ऊन हाय. आन् हितं, मास्तर, उगंच हसत हुती." मी लिहून घेतो.

ऑक्टोबर संपत आला की तात्या पान उलटत नाहीत. "आज ऱ्हाऊ दे," म्हणून उठतात, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा जानेवारीपासून सुरू करतात.