देवरावजींचा खरा टाइम

देवरावजींना किती वाजले, असं सहज विचारू नये. ते उलट विचारतात, "कोणाचे? टीव्हीचे, तुमच्या मोबाइलचे, का खरे?"

बोरगाव मेघेत त्यांची-आमची भिंतीला भिंत आहे. हिंगणघाटच्या एका गिरणीत त्यांनी तीस वर्षं भोंगा वाजवला. एकदा मोठे पाहुणे लवकर आले, म्हणून साहेबांनी भोंगा दोन मिनिटं आधी वाजवायला सांगितला. "साहेब, पाहुण्यायले चहा पाजा," देवरावजी म्हणाले, "मले टाइम पुढं ओढता येत नाई."

गिरणी बंद पडली, पण भोंगा आमच्या गल्लीत चालूच राहिला. दहाला मी ऑफिससाठी स्कूटी काढते, तेव्हा ते फाटकात हजर.

"मॅडम, आज चार मिनिटं लेट."

"पोळ्या करत होते हो!"

"मंग पोळ्या चार मिनिटं आधी कराच्या."

पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांनी झेंड्याच्या दोरीला हात घातला, तर यांनी मनगट धरलं. "वीस सेकंद हायत अजून." सगळी गल्ली वीस सेकंद सावधानमध्ये उभी.

त्यात दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं, वैशालीनं, जपानहून मनगटी घड्याळ पाठवलं. ती तिकडेच नोकरीला आहे. रेडिओच्या सिग्नलवरून हे घड्याळ म्हणे स्वतःच स्वतःची वेळ लावतं. देवरावजींनी ते घरोघर दाखवलं. "हे घडी लावा नाई लागत. तिकडून टाइम येते, हे आपली आपण घेते."

"इतक्या लांबून?" मी विचारलं.

"वैशालीनं पाठवली हाय," ते म्हणाले. विषय संपला.

गेल्या महिन्यात आमच्या मोरीतला नळ गळायला लागला. पाना मागायला मी सकाळीच त्यांच्याकडे गेले. देवरावजी ओसरीत डोळे मिटून बसले होते. कानाशी जुना ट्रान्झिस्टर, दुसऱ्या हाताच्या नखात घड्याळाची चावी बाहेर ओढलेली. मी हाक मारणार, तोच बातम्यांआधीचे पिप् पिप् सुरू झाले. शेवटच्या पिपला त्यांनी चावी आत दाबली, डोळे उघडले आणि समोर मला पाहून ट्रान्झिस्टर धोतराआड सारला.

"आपलं आपण लागत नाही वाटतं हे?"

"सिग्नल इथवर पोचतच नाई, मॅडम. पह्यल्याच दिवशी समजलं होतं मले. महिन्यात पंधरा सेकंद मागं पडते. म्हणून रोज लावतो."

"मग वैशालीला सांगा ना तसं."

"काय सांगू? तू पाठवलेलं अर्ध्या वाटेत राह्यलं म्हणून?" त्यांनी काच धोतराच्या सोग्यानं पुसली. "पोरगी म्हणे, बाबा, जलमभर लोकायच्या घड्या लावल्या तुम्ही. आता तुमची मी लावीन."

मी पाना घेतला आणि निघाले. नळ गळत होता.

त्या रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. देवरावजी भिंतीशी आले. हातात फोन, फोनमध्ये वैशाली.

"काकू, इथले लोक म्हणतात, भारतात ते घड्याळ सिग्नल पकडतच नाही. बाबा म्हणतात पकडतं. तुम्हीच सांगा, खरं काय?"

फोन माझ्याकडे धरून देवरावजी आमच्या पेरूच्या झाडाकडे बघत होते. झाडाला एकही पेरू नव्हता.

"पकडतं की," मी म्हटलं. "रेडिओवरूनच लागतं. रोज सकाळी. मी स्वतः पाहिलंय."

"बरं झालं बाई!" वैशाली म्हणाली. "मला वाटलं, बाबा माझं मन राखतात."

दुसऱ्या दिवशी गॅस संपला आणि मला निघायला चांगली अकरा मिनिटं उशीर झाला. देवरावजी फाटकात उभेच होते. त्यांनी बाही सारून घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बराब्बर टाइमावर निघाल्या, मॅडम," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी फाटक उघडून धरलं.