वडीगोद्रीला समुद्र चावला

वडीगोद्रीच्या पुंजारामने शंखातली वाळू काढायला सेफ्टी पिन आत घातली आणि त्याच वेळी त्याच्या बोटाला काहीतरी टोचलं. रक्ताचा थेंब आला. त्याने तो लुंगीला पुसला आणि पुन्हा वाळू काढायला बसला. जन्मभर अंबड आगाराची एसटी चालवलेला माणूस तो, एवढ्याशा टोचण्याचं त्याला काय?

शंख त्याने कोकणातून आणला होता. रिटायर ड्रायव्हरांची सहल गेली होती, तेव्हा वाळूत सापडला. बायकोला, बेबीनंदाला, समुद्र बघायची फार हौस होती. ते राहून गेलं, आणि ती गेल्याला आता वर्ष झालं. शंख धुऊन तिच्या फोटोपुढे ठेवायचा, एवढाच पुंजारामचा बेत होता. पण त्याआधी त्याने शंखाचा फोटो काढून पुण्याला मुलाला, राजानंदला, आणि सुनेला पाठवला. तिथेच सगळं फिसकटलं.

सून प्रीती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, त्या शंखाला हात लावला नाही ना?"

"न्हाई बा. का?"

"तो शंकूच्या आकाराचा, 'कोन' जातीचा शंख आहे. त्यातली गोगलगाय विषारी असते. भाल्यासारखा दात मारते. आधी बोट बधिर होतं, मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि शेवटी श्वासच बंद पडतो. त्याच्यावर उताऱ्याचं औषध नाही."

पुंजारामने बोटाकडे पाहिलं. "मी लांबूनच फोटो काढला."

"फोटोत शंख तळहातावर आहे."

"हात दुसऱ्याचा हाय."

"अंगठी तुमची आहे, बाबा."

"त्याला घालाया दिल्ती."

प्रीती म्हणाली, "बाबा, यांचं रोज चाललेलं असतं, की तुम्हाला तिकडे एकटं ठेवायचं नाही. मीच त्यांना थांबवते. पण आता जरा जरी काही झालं ना, तर आम्ही गाडी घेऊन येणार आणि तुम्हाला इकडे आणणार. मग मी ऐकायची नाही."

पुंजारामला विषापेक्षा याची धास्ती जास्त. पुण्याचं घर वाईट नव्हतं, पण ते बेबीनंदाने मांडलेलं नव्हतं. इथे डाळीचा डबा तिने ठेवला तिथेच होता. संध्याकाळी चहा घेऊन तो ओट्यावर बसायचा आणि दिवसभरात काय झालं ते तिला सांगायचा. चौथ्या मजल्यावर असं मोठ्याने बोलत बसला असता, तर पोराने त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

म्हणजे काही झालं असलं, तर ते गुपचूप निस्तरायला हवं होतं. तो शेजारी काकासाहेबाकडे गेला. काकासाहेब शेतकरी माणूस. गावात कुणाला साप-विंचू चावला की आधी बोलावणं त्यालाच यायचं.

"कोनाला सांगू नको," पुंजाराम हळूच म्हणाला.

"मी कशाला सांगतो?" काकासाहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगं उषे! पुंजारामला समुद्रातला विंचू चावला! लिंबाचा पाला आन!"

त्याची बायको, उषाबाई, पाला घेऊन आल्या. त्यांच्या मागे निम्मी गल्ली आली.

काकासाहेबाची परीक्षा सरळ होती. विष चढलं की कडुलिंब कडू लागत नाही. त्याने मूठभर पाला पुंजारामच्या तोंडात कोंबला. "कडू लागून राह्यलं का?"

पुंजारामला शुगर होती. तो रोज सकाळी अनशापोटी कडुलिंबच खायचा. तो शांतपणे चावत म्हणाला, "न्हाई बा. चांगला कवळा हाय."



"मिरची आना," काकासाहेबाचा आवाज चिरकला.

हिरवी मिरची आली. वर्षभर पुंजाराम हाताने करून खात होता. त्याला साधता येणारा एकच पदार्थ म्हणजे ठेचा, तोही अंदाज न घेता केलेला. त्याने मिरची देठापर्यंत खाल्ली. "हिच्यात काय तिखट हाय? काकडीच हाय ही."

उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. "भावजी, असं नका हो बोलू!"

"वहिनी, मला काही झालं न्हाई."

"सगळे असंच म्हनतेत," काकासाहेब म्हणाला आणि त्याने सुतळीने पुंजारामचं बोट करकचून आवळलं. विष वर चढू नये म्हणून. थोड्या वेळात बोट जांभळं झालं.

"कसं वाटून राह्यलं?"

"बोट बधिर झालं की रे."

आता पुंजारामलाच घाम फुटला. प्रीतीने सांगितलेलं पहिलं लक्षण हेच होतं. त्याने ते बोलून दाखवलं आणि वर पापण्यांचंही सांगून टाकलं. सांगायला नको होतं. दुपारची वेळ. जेवण झाल्यावर तो रोज पडायचा. सगळी गल्ली आता त्याच्या पापण्यांकडे डोळे लावून बसली, आणि पापण्या मिटायला लागल्या.

"झोपू देऊ नका!" काकासाहेब ओरडला. दोघांनी पुंजारामच्या बगलेत हात घालून त्याला अंगणात फिरवायला सुरुवात केली. एकाने बँडवाल्याचा ताशा आणला आणि त्याच्या कानाशी वाजवला.

"अरे, डुलकी हाय ती! रोजची!"

"काय म्हनला?"

"डुलकी!" ताशात कुणालाच ऐकू येईना. ओरडून ओरडून आणि तोंडात पाला असल्यामुळे पुंजारामची जीभही अडखळली.

"गेली! जीभ गेली!" काकासाहेबाने कपाळाला हात लावला. "गाडी काढा जल्दी!"

साप चावला तर साप मारून डॉक्टरला दाखवायचा, ही इकडची रीत. त्याप्रमाणे काकासाहेबाने चिमट्याने शंख उचलून स्टीलच्या डब्यात टाकला, झाकण लावलं, आणि तो पळून जाऊ नये म्हणून वरून दोरी बांधली. टेम्पोत पुंजाराम मागे आणि डबा पुढे, ड्रायव्हरपासून लांब, काकासाहेबाच्या मांडीवर. जन्मभर दुसऱ्यांना नेलेल्या माणसाला ताशाच्या गजरात हायवेवरच्या दवाखान्यात नेण्यात आलं.

डॉक्टरांनी आधी सुतळी कापली. "हे कुणी बांधलं? साप चावला तरी असं बांधायचं नसतं. बोट गेलं असतं." मग त्यांनी डबा उघडला. शंख हातात घेऊन त्यात टॉर्च मारली, तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकले. "हा रिकामा आहे. आतलं जनावर कधीच मेलंय. जिवंत असतं तर गोष्ट वेगळी होती. आत काय घातलं होतं तुम्ही?"

"सेफ्टी पिन."

"मग ती चावली तुम्हाला." डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बोटात जीव येऊन मुंग्या यायला लागल्या, आणि पुंजाराम बाकावर बसल्या बसल्या झोपला. या वेळी त्याला कुणी उठवलं नाही.

इकडे घरी, घाईत राहिलेला त्याचा फोन उषाबाईंच्या हातात होता. राजानंदचा फोन आला. बाबा कसे आहेत, असं त्याने विचारलं. उषाबाईंनी हुंदका आवरत खरं तेच सांगितलं, "काय सांगू बाळा, त्याह्यला कडुलिंब ग्वाड लागून राह्यला!"

दिवेलागणीला राजानंद आणि प्रीतीची गाडी दारात उभी राहिली. पुंजाराम खाटेवर बसला होता. कुणी पाय चेपत होतं, कुणी शेवगा आणला होता, उषाबाई पिठलं करत होत्या, आणि काकासाहेब येईल त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होता. दर वेळी शंख थोडा मोठा होत होता.

राजानंद बापाला मिठी मारून मोकळा झाला आणि लगेच म्हणाला, "उद्या बॅग भरा, बाबा. बस्स झालं."

"पिन टोचली रे फक्त."

"आज पिन. उद्या काय होईल? एकटा माणूस. बघायला कोण आहे इथे?"

अंगणातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"राजू," काकासाहेब म्हणाला, "मला सांग, तिकडं याला काही झालं तर कोन हाय?"

"आम्ही आहोत ना."

"दिवसा?"

"दिवसा आम्ही कामावर असतो. घरात कुणी नसतं. पण शेजारी आहेत."

"काय नाव त्यांचं?"

राजानंदने प्रीतीकडे पाहिलं. प्रीती म्हणाली, "त्यांच्याकडे एक पांढरं कुत्रं आहे."

"कुत्र्याचं न्हाई, मानसाचं नाव इचारून राह्यलो."

 प्रीतीने एकदा भरलेल्या अंगणाकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, आणि म्हणाली, "अहो, राहू द्या बाबांना इथेच." पुंजारामने सुनेपुढे पिठल्याचं ताट स्वतःच्या हाताने ठेवलं.

सकाळी गाडी निघाली. निघताना राजानंदने काकासाहेबाचे हात धरले. "काका, तुमच्या भरवशावर सोडून चाललो. त्यांना एक मिनिट एकटं सोडू नका."

"बिलकुल काळजी करू नको," काकासाहेब म्हणाला.

पुंजाराम मोकळा श्वास घेऊन घरात आला. चहा केला, कप घेऊन ओट्यावर बसला. बेबीनंदाला सांगायला आज पुष्कळ होतं. त्याने नुसतं "अगं" म्हटलं, तर समोरून काकासाहेब येताना दिसला. डोक्यावर गादी, काखेत उशी, हातात रेडिओ.

"ही कशाला?"

"पोराला शब्द देल्लाय. आता आपन दोघं इथंच." त्याने गादी पुंजारामच्या खाटेला खेटून टाकली आणि रेडिओवर बाजारभाव लावले. मागून उषाबाई आल्या, आणि सगळं हाताशी पाहिजे म्हणून डबे खालच्या फळीवर घ्यायला लागल्या. गल्लीतली माणसं पाळीपाळीने डोकावून "जागे हायत का?" विचारून जाऊ लागली. पुंजाराम मोरीकडे निघाला तर काकासाहेब पाठोपाठ. "कडी लावू नको आतून."

चहा गार झाला. पुंजारामने राजानंदला फोन लावला.

"कुठवर गेले?"

"शहागडला चहाला थांबलोय, बाबा."

"थांबा तिथंच. मी येऊन राह्यलो एसटीनं. आठ दिवस राहीन म्हनतो."

"अहो, पण एकदम काय झालं?"

आत काकासाहेब सदरा अडकवायला भिंतीत खिळा ठोकत होता.

"काही न्हाई रे," पुंजाराम म्हणाला. "जरा एकटं राहावं वाटून राह्यलं."