टिटवीची बोंब आणि गवाअण्णांचे हार

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्याच्या दाराला कॉम्प्युटर होता. हसू नका रे! तुमच्या सोसायटीच्या पंपाला चालतो, मग जंगलानेच काय घोडं मारलंय?

ज्या प्राण्याची पाळी येई, त्याच्यासाठी दार आपोआप उघडायचं. कॉम्प्युटरच्या पोटात दोन याद्या होत्या. पहिलीत प्राण्यांची नावं. दुसरीत, त्याच क्रमाने, कुणासाठी दार किती बोटं उघडायचं तो आकडा. हरणाला दोन बोटं, हत्तीला नऊ. सोपं आहे की नाही?

सोपं होतं म्हणूनच चुकायचं. कुणीतरी पहिल्या यादीत नाव घालायचं आणि दुसरीत आकडा घालायला विसरायचं. प्रोग्रॅम मात्र मुकाट्याने तयार व्हायचा. चूक कळायची ती थेट पाणी धो धो सुटल्यावर.

मग गवाअण्णा धावायचे. ते प्रोग्रॅमचे मुख्य राखणदार. शिंगं लावून दार लोटायचे, चिखलाने माखायचे, आणि सगळं जंगल त्यांना हार घालायचं. असे सात हार त्यांच्या झाडाला टांगलेले होते. याद्या आधी का नाही तपासल्या, हे विचारायची पद्धत त्या जंगलात नव्हती.

टिटवीबाईंना मात्र विचारावंच लागलं. त्यांनी दाराखालच्या खडीत चार अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते. आणि आभाळ पडलं तर झेलायला पाय वर करून झोपते म्हणतात. म्हणजे आधीच काळजी करणारी जात.

"पाणी आलं की हार तुम्हाला," त्या अण्णांना म्हणाल्या, "आणि अंडी जाणार माझी!"

टिटवीबाईंना प्रोग्रॅम लिहिता येत होता. त्यांना एक ओळ ठाऊक होती: 'दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या नसतील तर बोंब मार आणि प्रोग्रॅम तयारच करू नकोस.' त्या ओळीचं नावच बोंब. चूक करणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळणार, दारापर्यंत ती पोचणारच नाही.

मग ती कुणी वापरत का नव्हतं? कारण अण्णांनी जंगलभरच्या प्रोग्रॅमच्या ओळी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या आणि बोंब होती त्यात, अगदी तळाशी. ती हवी तर अख्खं गाठोडं उचलावं लागे. हत्तींच्या आंघोळीचे नियम घ्या, माकडांची हजेरी घ्या, मोरांच्या नाचाचं वेळापत्रक घ्या. एवढं ओझं घेऊन प्रोग्रॅम तयार व्हायला दुपार उलटायची. कशाला कोण झक मारायला जातंय!

टिटवीबाईंनी बोंब तेवढी बाहेर काढली, एका छोट्या बटव्यात घातली आणि पायवाटेवरच्या फांदीला टांगली. ज्याला हवी त्याने न्यावी. दाराच्या प्रोग्रॅमला त्यांनी स्वतःच ती लावून टाकली. तीन आठवडे एक थेंब वाया गेला नाही. आणि अण्णांना एक हार मिळाला नाही.

मग अण्णांच्या हाताखालच्या सरडेरावांनी यादीत साळिंदराचं नाव घातलं. आकडा विसरले. कॉम्प्युटर ओरडला, "बोंब! पहिल्या यादीत बारा, दुसरीत अकरा!"

सरडेराव धावत अण्णांकडे. "अण्णा, आजवर सगळं नीट चालत होतं. बटवा आला आणि बिघडलं बघा!"

"टिटवीबाई," अण्णा म्हणाले, "टिटवी ओरडली की अपशकुन, असं वाडवडील उगाच नाही सांगत."

"अहो अण्णा, एक आकडा घाला की! दोन मिनिटांचं काम."

"आकडा ठरवायला समिती बसते. आणि साळिंदराच्या पहिल्या घोटाची आमंत्रणं गेलीत. उद्या सकाळी."

"आणि माझी अंडी?"

"शुभकार्यात असं वाकडं बोलू नये, बाई."

सरडेरावांनी बोंबेच्या ओळीपुढे दोन रेघा मारल्या. असं केलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. प्रोग्रॅम लगेच तयार झाला. सरडेरावांनी तीनदा मान डोलावली.

सकाळी साळिंदर ऐटीत दारापुढे उभा राहिला. दुसरी यादी अकरालाच संपली होती. बाराव्या आकड्याच्या जागी कॉम्प्युटरने शेजारी जे सापडलं ते उचललं. शेजारी लिहिली होती तळ्याची खोली. चारशे बोटं.

"थांबवा! अरे थांबवा!" टिटवीबाई किंचाळल्या. दार पुरतं उघडलं.

अण्णा आले. शिंगं लावली. दार लोटलं. आठवा हार पडला. काय टाळ्या, काय टाळ्या!

टिटवीबाई खडीत एकेक दगड चोचीने उलटत होत्या.

"बाई, दगड आहेत ते," साळिंदर हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि पुढचा दगड उलटला.

चौकशी समितीने निकाल दिला: आधी टिटवी ओरडली, मग पाणी आलं. कारण उघड आहे. तरीही समितीने मोठ्या मनाने बटवा राहू दिला. अट एकच. यापुढे बोंब दार उघडल्यानंतर मारावी, म्हणजे कुणाच्या कामाचा खोळंबा होणार नाही. अण्णांनी खाली खूर उमटवला.

तात्पर्य: मुलांनो, चूक आधी दाखवणाऱ्याला कुणी हार घालत नाही. म्हणून चूक खुशाल होऊ द्यावी आणि मग शिंगं लावून धावत सुटावं. फक्त खाली अंडी आपली नाहीत, एवढं आधी तपासून घ्यावं.