नसलेला उंबरा

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वृद्धांच्या शुश्रूषागृहातल्या मधल्या बोळातला उंबरा काढण्यात आला. काम अकरा मिनिटांत उरकलं. सुताराने चार स्क्रू काढले, दोन बोटं उंचीचं ते लाकूड उचलून भिंतीला टेकवलं, भोकं बुजवली आणि विचारलं, "एवढ्यासाठी बोलावलंत?"

"एवढ्यासाठीच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी धोक्यांची नोंदवही उघडली, सतराव्या नोंदीपुढे 'धोका दूर केला' असं लिहून सही केली आणि वही मिटली. वहीत आता एकही नोंद उघडी नव्हती.

ती तशीच राहणं गरजेचं होतं. सुरक्षा तपासणीचे साहेब चार वाजता येणार होते. वहीत उघडी नोंद दिसली नाही की ते सिस्टरांच्या रजेच्या अर्जावर सही करणार होते. आठ दिवसांची रजा, अकरा महिन्यांतली पहिली. अर्जात कारण होतं, 'मुलीकडे जाणे'. खरं कारण फक्त आयाबाईंना ठाऊक होतं.

"लेकीकडे जाऊन करणार काय तुम्ही?" त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं.

"झोपणार."

"आणि मग?"

"कूस बदलणार."

त्या उंबऱ्याची हकिगत अशी. तिथे पूर्वी दरवाजा होता. दरवाजा गेला, उंबरा राहिला. सहा वर्षांत त्याला अडखळून कोणी पडलं नव्हतं. अपवाद एकच, खुद्द साहेब. गेल्या महिन्यात ते धोक्यांची नोंदवही वाचत बोळातून चालले होते. उठून कपडे झटकताच त्यांनी त्याच वहीत नोंद केली. धोका घडण्याची शक्यता तीन, इजेचं गांभीर्य चार, गुणाकार बारा. उपाय : उंबरा काढणे.

दहा वाजून पाच मिनिटांनी पोस्टमास्तर आजोबा न्याहारी करून खोलीकडे निघाले. नेहमीच्या जागी आले, सहा वर्षांच्या सवयीने त्यांनी पाय उचलला, उंबऱ्यापलीकडे टाकला आणि पलीकडे असं काही नसल्यामुळे त्यांचा तोल गेला. भिंत हाताशी होती म्हणून निभावलं.

"उंबरा कोणी नेला?" त्यांनी भिंतीला धरूनच विचारलं.

"काढला, आजोबा. धोका होता त्याचा," सिस्टर धावत येऊन म्हणाल्या.

"होता तेव्हा मी पडत नव्हतो."

अकरा वाजेपर्यंत आणखी पाच जण अडखळले. वॉकरवाल्या आजींनी वॉकर उचलून पुढे आदळला, त्या आवाजाने मागच्या आजी दचकून खाली बसल्या. चार नंबरच्या आजींना स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नसे, पण त्यांच्या पावलांना उंबरा पक्का आठवत होता. पडलं कोणीच नाही. मात्र नियम असा की, नुसता तोल गेला तरी नोंद करायची. सिस्टरांनी वही उघडली, पेन हातात धरलं आणि साहेबांना फोन लावला.

"साहेब, लोक अडखळतायत. धोका कसला लिहू?"

"काय आहे तिथे?"

"काही नाही."

"मग धोका कसला?"

"तोच. तिथे काही नाही, हा."

"सिस्टर, 'कशामुळे' असा रकाना आहे. त्यात काहीतरी वस्तू लागते."

"सपाट जमीन लिहू?"

"सपाट जमिनीमुळे धोका असलेलं शुश्रूषागृह मी अजून पाहिलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मीही नव्हतं पाहिलं."

"चारपर्यंत मिटवा काय ते. नोंद उघडी राहिली तर रजेवर सही करता येणार नाही मला. माझ्या हातात नाही ते."

सिस्टरांनी फोन ठेवला आणि तिथे पिवळी पट्टी चिकटवली. परिणाम असा झाला की, लोक पट्टी बघून थांबू लागले आणि नीट विचार करून आधीपेक्षा उंच पाय उचलू लागले.

"पाटी लावा," आयाबाई म्हणाल्या. "लोकांना सांगितलं की कळतं."

पाटी लागली : 'इथे काही नाही. पाय उचलू नये.' पोस्टमास्तर आजोबा जेवायला निघाले ते पाटीपाशी थांबले. त्यांनी ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने.

"काही नाही, तर लिहिलंय कशाला?"

"आजोबा, पुढे सरका हो," मागून वॉकरवाल्या आजी ओरडल्या.

"सरकतो. पण आधी मला समजू दे."

त्यांना समजेपर्यंत मागे नऊ जणांची रांग झाली. जेवण वीस मिनिटं उशिरा वाढलं गेलं.

मग सिस्टर स्वतःच तिथे उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाचा दंड धरायचा, पुढे होऊन चालून दाखवायचं. "आजी, माझ्याकडे बघा. पाय जमिनीवरनं घासत न्यायचा. असा. उचलायचा नाही."

"चपला झिजतील गं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पाय उचलला.

साडेबारा ते तीन, अडीच तासांत सिस्टर ती जागा पाय घासत साठ-सत्तर वेळा ओलांडून गेल्या. तीन वाजता हिशेब असा होता : बावीस वृद्ध आणि आयाबाई, सगळे अजून पाय उचलतच होते. न उचलण्याची सवय अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला लागली होती.

सिस्टर स्टुलावर टेकल्या. आयाबाईंनी पाणी आणून दिलं. "एक बोलू? तो परत लावून टाका ना."

"त्याचे बारा गुण आहेत."

"आणि या नसलेल्याचे?"

सिस्टरांनी गुणाकार केला. शक्यता पाच, गांभीर्य चार. "वीस."

"मग बारा बरे की!"

सिस्टरांनी नियमांची पुस्तिका काढली. पान एकतीस : उपायामुळे मूळ धोक्यापेक्षा मोठा धोका निर्माण होत असेल, तर उपाय मागे घ्यावा, मूळ धोक्यावर ठळक खूण करावी आणि नोंद बंद करावी. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि सुताराला फोन केला.

"पुन्हा एवढ्यासाठीच?" सुताराने विचारलं. पावणेचारला उंबरा जागेवर होता, त्यावर पिवळा रंगही चढला होता. पोस्टमास्तर आजोबांनी तो ओलांडला, परत आले, पुन्हा ओलांडला.

"हं. आता घरी आल्यासारखं वाटलं."

साहेब चारच्या ठोक्याला आले. त्यांनी वही पाहिली, दोन्ही गुणाकार तपासले, पान एकतीस स्वतः वाचलं. "तर्क बरोबर आहे," असं काहीशा नाइलाजाने म्हणत त्यांनी खिशातून रजेचा अर्ज आणि पेन काढलं. "जागा एकदा बघून घेतो आणि सही करतो."

सगळे बोळातून निघाले. साहेबांनी गेल्या महिन्यातला अनुभव लक्षात ठेवून वीतभर उंच पाय उचलला. त्यांच्यामागून पोस्टमास्तर आजोबा गेले. वॉकरवाल्या आजी गेल्या. चार नंबरच्या आजी कुठेतरी तिसरीकडेच बघत होत्या, त्याही सहज गेल्या.

"बघा साहेब, आता कोणीसुद्धा अडखळत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पाय जमिनीवरून घासत पुढे निघाल्या.

तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी घोटा तपासला. मोडला नव्हता, मुरगळला होता. "अंथरुणातून उठायचं नाही. आठ दिवस."

"आठच मागितले होते ना तुम्ही?" आयाबाईंनी सिस्टरांच्या कानात विचारलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अपघात झाला म्हणजे नवी नोंद आली, सिस्टर. ती उघडी असताना रजा नाही देता येणार."

"मग बंद करा ती."

"बंद करायचा अधिकार मोठ्या सिस्टरांना. म्हणजे तुम्हालाच. तेही जागेवर स्वतः जाऊन पाहणी केल्यावर."

"उठायचं नाही म्हणालेत डॉक्टर. आजारपणाची तरी रजा द्या."

"तीही रजाच झाली."

"म्हणजे मी कामावर आहे?"

"डॉक्टरांचा कागद बघता, नाही म्हणावं लागेल," साहेब म्हणाले. वरिष्ठांना विचारून कळवतो, असं सांगून ते उंबरा जपून ओलांडून निघून गेले.

सिस्टरांना सहा नंबरच्या रिकाम्या खोलीत झोपवण्यात आलं. ही खोली उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आहे. संध्याकाळी सहापर्यंत वरिष्ठांचं उत्तर आलेलं नव्हतं. सुतार पेचकस घेऊन उंबऱ्याशेजारी बसून होता. उंबरा ठेवायचा की काढायचा, हे मोठ्या सिस्टरच सांगू शकतात असं त्याला कळलं होतं. तो दोनदा दारापर्यंत जाऊन आला. दोन्ही वेळा आयाबाईंनी त्याला ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. सिस्टरांनी नुकतीच कूस बदलली होती.