अंबूताईचे यकृत आणि दोनशे अस्वले

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांची मोठी वस्ती होती, आणि वस्तीला शोभेल असा एक दवाखाना होता. दवाखान्यात एमआरआयचे यंत्र होते. अस्वलाने त्या बोगद्यात आडवे व्हायचे, श्वास रोखायचा, की यंत्र त्याच्या यकृतातली चरबी मोजून आकडा सांगे. यंत्र चालवत डॉक्टर करकोचे. आडनावाने करकोचे आणि जातीनेही करकोचाच. विचार करायचा झाला की ते एका पायावर उभे राहत.

त्या वस्तीत अंबूताई नावाची अस्वलीण राहायची. एरवी मोहाच्या झाडावर सरसर चढणारी बाई. पण त्या वर्षी अर्ध्या खोडावरच तिला धाप लागू लागली. उजव्या बरगडीखाली जड वाटे. दुपारी बसली की उठवेना.

"वय झालं, दुसरं काय," नवरा खंडेराव म्हणाला.

"तुम्ही माझ्याहून पाच वर्षांनी मोठे आहात," अंबूताई म्हणाली.

"माझी गोष्ट वेगळी," खंडेराव म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मग अंबूताई पाठीवरचे पोर शेजारणीच्या पाठीवर देऊन दवाखान्यात गेली. बोगद्यात शिरली. श्वास रोखला. आकडा आला सात.

डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. त्यावर लिहिले होते, 'निरोगी अस्वल : आठपर्यंत.'

"छान आहे की, अंबूताई. तुम्हाला काही झालेलं नाही. जरा मन रमवा. भजनाला जात जा."

अंबूताई भजनाला गेली. टाळ वाजवतानाही तिला धाप लागली. दोन महिन्यांनी ती परत आली. आकडा पुन्हा सात. डॉक्टर म्हणाले, "भजन बदलून पाहा."

आता घरी जाऊन आपण उगाच रडत होतो असे म्हणायचे, की खरेच काही बिघडले आहे असे धरायचे? अंबूताई तक्त्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

"डॉक्टर, हा आठाचा आकडा आणला कुठून?"

"मोजून काढलाय. दोनशे धडधाकट अस्वलं मोजली मी."

"त्यांत बाया किती?"

डॉक्टरांनी वही काढली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. मग एक पाय वर घेतला.

"एकही नाही. त्याचं काय आहे, तुमच्या पाठीवर पोरं असतात. ती चुळबुळ करतात आणि चित्र हलतं. आणि शेवटी अस्वल म्हणजे अस्वल."

"पोरं नसली तर मोजाल?"

"मोजू की."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूताई चाळीस जणी घेऊन हजर झाली. सगळ्या ठणठणीत, सगळ्यांच्या पाठी मोकळ्या. पोरे नदीकाठी बापांकडे दिली होती. एकट्या खंडेरावाच्या अंगावर चार पोरे होती आणि पाचवे त्याचा कान चावत होते.

संध्याकाळपर्यंत चाळीस यकृते मोजून झाली. कुणाचे दोन, कुणाचे तीन. चाराच्या वर एकही नाही. बायांचे मुळातच कमी असते, हे डॉक्टरांना त्या दिवशी कळले. ते बराच वेळ एका पायावर उभे होते.

"म्हणजे तुमचे सात..." ते हळूच म्हणाले.

"जास्तच आहेत," अंबूताई म्हणाली. "मी ते दोन महिने सांगतेय."

डॉक्टरांनी तिचा मध कमी केला, मोहाची फुले बंद केली, रोज टेकडी चढायला लावली. पावसाळा संपेतो आकडा चारावर आला आणि अंबूताई झाडाच्या शेंड्यावर.

डॉक्टर तसे प्रामाणिक होते. त्यांनी रंगारी बोलावून नवा तक्ता लिहायला घेतला. वर 'अस्वल : आठपर्यंत.' खाली 'स्त्री-अस्वल : चारपर्यंत.'

अंबूताईने तो वाचला.

"वरच्या ओळीत 'नर' लिहा की."

"ते कशाला? ते कळतंच."

"मला तर दोन महिने कळलं नव्हतं," अंबूताई म्हणाली.

रंगाऱ्याने डॉक्टरांकडे पाहिले, आणि मग बारीक अक्षरांत 'नर' घातले.

वस्तीत त्यावरून मोठी नाराजी झाली. खंडेराव तर दोन दिवस जेवला नाही.

"परवापर्यंत मी अस्वल होतो," तो सगळ्यांना सांगत फिरला. "आता नुसता नर उरलोय."

डॉक्टरांनी त्याला तपासले आणि मन रमवायला सांगितले.

तात्पर्य : आजारी पडण्यापूर्वी भिंतीवरचा तक्ता कुणाला मोजून केला आहे ते बघून घ्यावे, आणि पडायचेच झाले तर त्याच्यासारखेच पडावे. डॉक्टरांना उगाच एका पायावर उभे करू नये.